कोपीतला उजेड : निघण्याआधी मांडायचा रात्रीचा हिशेब



दसरा जवळ आला की आपल्या गावांत एकच विषय असतो. टोळी कोणाची, कारखाना कोणता, ट्रॅक्टर कधी लागणार. तांदूळ-ज्वारीची पोती भरली जातात, ताडपत्री झटकली जाते, लेकरांचं काय करायचं ते ठरतं. या यादीत उजेडाचा नंबर मात्र शेवटी लागतो. "जाऊ तिथं बघू," म्हणतात सगळ्या. आणि तिथं गेल्यावर पाच-सहा महिने चिमणी आणि मोबाईलची बॅटरी, एवढ्यावरच रात्री काढतात.

म्हणून या अंकाचा पाठ आहे कोपीसाठी सोलर दिवा आणि बॅटरी कशी बसवायची यावर. ट्रॉलीत नेता येईल, मुक्काम हलला की दहा मिनिटांत सोडून पुन्हा जोडता येईल, असा छोटा संच. ज्या ताई तोडीला जात नाहीत त्यांनीही वाचावं. वारीतल्या दिंडीच्या ट्रकला, शेतातल्या गोठ्याला, बाजारातल्या गाड्यालाही हाच हिशेब लागतो.

आधी माझी चूक सांगते

मागच्या वर्षी मी नवीनच रुजू झाले होते. एमएसडब्ल्यू करून आलेली, उत्साह भरपूर. एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या. अंधारात तवा दिसत नाही, पाचटात काय सळसळतंय तेही कळत नाही. दिव्याचं काहीतरी सांगा." मी लगेच सांगितलं, सोलर पॅनल घ्या आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मिळाली तर स्वस्तात काम होईल. त्यांनी गटातून कर्ज काढलं, पॅनल घेतला, भंगारवाल्याकडून जुनी बॅटरी घेतली.

दिवाळीनंतर दिवा छान लागला. मला फोन करून त्यांनी सांगितलंही. संक्रांतीच्या आत बॅटरी बसली. संध्याकाळी लावलेला दिवा आठ वाजताच मिणमिणायला लागायचा. मग पुन्हा चिमणी आली. एका रात्री वाऱ्यानं चिमणी कलंडली आणि कोपीच्या कुडाचं पाचट पेटलं. जवळ पाण्याचा ड्रम होता, लेकरू बाहेर होतं, म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या ताईंच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं आणि उजेडही गेला.

त्या मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, बाई." ते मला जास्त लागलं. त्यानंतर मी दोन सोलर मिस्त्रींकडे बसून नीट शिकले. जे शिकले ते इथं देते.

गटाची पेटी आणि सोलरचा संच

सोलरच्या संचात मुख्य चार वस्तू असतात. आपल्या गटाच्या व्यवहाराशी जोडून बघा, लगेच कळतील.

पॅनल म्हणजे मिळकत. ऊन असेल तेवढीच येणार.

बॅटरी म्हणजे बचतीची पेटी. दिवसा आलेलं त्यात साठतं, रात्री त्यातून काढायचं.

बल्ब, मोबाईल, पंखा हा खर्च.

चार्ज कंट्रोलर म्हणजे आपल्या कोषाध्यक्ष ताई. पेटी भरली की आवक थांबवते, पेटी रिकामी व्हायला लागली की खर्च थांबवते. काही जण कंट्रोलर वगळून पॅनल सरळ बॅटरीला जोडतात. असं करू नका. पाण्याची बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि लवकर मरते.

गटात आपण आधी मिळकत-खर्च लिहितो आणि मग कर्ज मंजूर करतो. इथंही तसंच करायचं. आधी रात्रीचा खर्च लिहायचा, मग दुकानात जायचं. मी मागच्या वर्षी उलटं केलं होतं.

पहिली पायरी : रात्रीचा खर्च लिहा

प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला तासांनी गुणलं की वॅट-तास येतात. घरच्या लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास.

एका कोपीचा साधा हिशेब असा :

- आतला ५ वॅटचा एलईडी बल्ब, संध्याकाळी ३ आणि पहाटे २ असे ५ तास : २५ वॅट-तास
- चुलीजवळचा ५ वॅटचा बल्ब, ४ तास : २० वॅट-तास
- लेकरांसाठी आणि रात्री बाहेर जाण्यासाठी १ वॅटचा छोटा दिवा, ८ तास : ८ वॅट-तास
- दोन मोबाईल पूर्ण चार्ज, प्रत्येकी साधारण २५ : ५० वॅट-तास

एकूण १०३. म्हणजे एका रात्रीची गरज साधारण १०० वॅट-तास, घरच्या एका युनिटचा दहावा भाग. एवढ्याशा विजेसाठी आपण सहा महिने अंधारात काढतो.

आता "मॅडम, त्याच्यावर पाणी तापवायचा रॉड चालंल का?" हा प्रश्न हमखास येतो. रॉड १००० वॅटचा असतो. अर्धा तास लावला तर ५०० वॅट-तास गेले, म्हणजे पाच रात्रींचा उजेड. तापवण्याच्या वस्तू, म्हणजे रॉड, इस्त्री, शेगडी, या संचावर चालत नाहीत. मिक्सरही नाही.

दुसरी पायरी : पॅनल किती वॅटचा?

थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पॅनलला दिवसाचे साधारण ४ तास पूर्ण ताकदीचं ऊन धरावं. उजेड दहा-अकरा तास असतो, पण सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं आणि कमजोर. ५० वॅटचा पॅनल ४ तासांत २०० वॅट-तास देईल. त्यातले तीस टक्के धूळ, वायर, गरमी आणि बॅटरीत जातात असं धरा. हातात राहतात १४०. आपली गरज १०३. म्हणजे ५० वॅटचा पॅनल एका कोपीला पुरतो आणि थोडं शिल्लकही राहतं.

फेब्रुवारीनंतर गरमी वाढते. १२ वॅटचा छोटा डीसी पंखा ५ तास लावला तर ६० वॅट-तास वाढतात. पण तेव्हा ऊनही वाढलेलं असतं. ५ तासांचं ऊन धरलं तर हातात १७५ येतात आणि खर्च होतो १६३. जेमतेम भागतं. ढगाळ दिवशी पंखा बंद ठेवायचा.

तिसरी पायरी : बॅटरी, इथंच फसतो आपण

ट्रॅक्टरची किंवा गाडीची बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी बनवलेली असते. काही सेकंद खूप जोर देणं हे तिचं काम. इंजिन सुरू झालं की ती लगेच पुन्हा भरली जाते. तिच्यातून रोज रात्रभर थोडं थोडं काढून ती रिकामी केली, तर तिच्या आतल्या पातळ प्लेटा खराब होतात. माझ्या सांगण्यावरून घेतलेली बॅटरी म्हणूनच बसली.

सोलरसाठी दोन प्रकार चालतात.

पहिला प्रकार पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी. सोलरची किंवा इन्व्हर्टरची ट्यूब्युलर मागा. ती स्वस्त, पण जड. तिचा एक नियम आहे : पेटीतले अर्धेच वापरायचे. १२ व्होल्ट ४० एएच ची बॅटरी म्हणजे १२ गुणिले ४०, ४८० वॅट-तास. त्यातले वापरायचे २४०. आपल्या दोन रात्री. वापर बंद असताना मीटरवर १२.७ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ दिसले तर अर्धी. १२.२ च्या खाली जाऊ देऊ नका. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हापशाचं किंवा बोअरचं पाणी कधीच नाही. चार्ज होताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो, म्हणून चुलीपासून लांब आणि हवेशीर जागी ठेवायची.

दुसरा प्रकार लिथियम. दुकानात "लिथियम फॉस्फेट" किंवा "एलएफपी" म्हणून मागा, आत बीएमएस नावाचं संरक्षण आहे ना ते विचारा. महाग असते, पण पाण्याच्या बॅटरीपेक्षा कितीतरी हलकी. पाणी घालायची भानगड नाही. पेटीतले ऐंशी टक्के वापरता येतात. १२.८ व्होल्ट २० एएच म्हणजे २५६ वॅट-तास, वापरायला साधारण २०५. याही दोन रात्री. हिच्या मीटरवर मात्र विसंबू नका. ती जवळजवळ संपेपर्यंत आकडा तसाच दाखवते. वहीतला हिशेबच खरा.

दर मुक्कामाला उचलून ठेवायची आहे, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी लिथियम घ्यावी. नाही जमत तर नवी ट्यूब्युलर घ्यावी. जुनी कोणतीच घेऊ नये.

चौथी पायरी : बाकीचं सामान

- १० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर. लिथियम घेतली असेल तर कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग आहे का ते दुकानदाराकडून लावून घ्या. यूएसबी असलेला घेतला तर मोबाईल त्यावरच चार्ज होतात.
- १२ व्होल्टचे डीसी बल्ब. घरचे साधे बल्ब चालत नाहीत. त्यांना इन्व्हर्टर लागतो आणि इन्व्हर्टर स्वतःच वीज खातो.
- पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत अडीचची तांब्याची वायर, दहा मीटर. पातळ वायरीत वीज वाया जाते.
- ५ अँपिअरचा फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसजवळ, वितीच्या अंतरात बसवायचा. कोपी पाचटाची आहे. वायर कुठं घासून चिकटली तर फ्यूज उडेल आणि पुढची आग टळेल. तीस-चाळीस रुपये वाचवायला हा सोडू नका.
- झाकणाचा प्लास्टिकचा डबा, वरच्या बाजूला दोन्हीकडं भोकं पाडलेला. त्यात बॅटरी आणि कंट्रोलर ठेवायचा. डबा दोन विटांवर, चुलीच्या दुसऱ्या टोकाला, लेकरांच्या हाताला न लागेल असा.

जोडायचं कसं?

लाल वायर प्लस, काळी वायर मायनस. हे पक्कं ठेवा.

१. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा.
२. मग पॅनल जोडा.
३. शेवटी बल्ब जोडा.

मुक्काम हलवताना उलटं : आधी बल्ब, मग पॅनल, शेवटी बॅटरी. आमच्या गटातल्या एक आक्का हे असं लक्षात ठेवतात : "पेटी पहिल्यांदा उघडायची, पेटी शेवटी मिटायची."

पॅनल ठेवायला दिशा लागते. दुपारी साडेबाराच्या सुमाराला जमिनीत काठी रोवा. थंडीत तिची सावली उत्तरेला पडते. पॅनलचं तोंड सावलीच्या बरोबर उलट, म्हणजे दक्षिणेला करा. उतार किती? पॅनलची जेवढी लांबी, त्याच्या निम्म्यानं मागची कड उंच करा. एवढा उतार थंडीच्या महिन्यांना योग्य.

सावली टाळा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर ऊसाच्या पानाची किंवा वाळत घातलेल्या लुगड्याची सावली पडली, तरी सगळ्या पॅनलची आवक खूप घटते, कारण आतले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. कारखान्याजवळ मुक्काम असेल तर धुराड्याची काजळी बसते. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, ओल्या फडक्यानं पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

ट्रॉलीचा प्रश्न

काही ताई विचारतात, पॅनल ट्रॉलीच्या वर बांधून टाकला तर? ट्रॉली दिवसभर फडात आणि कारखान्याच्या रांगेत असते. पॅनल तिच्याबरोबर गेला तर कोपीतली पेटी रिकामीच राहणार. पॅनल कोपीपाशी हवा, बांबूच्या साध्या घोडीवर.

"ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्री बल्ब लावला तर?" सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर सगळ्या टोळीची बोलणी तुम्हाला बसतील. इंजिन चालू असताना ड्रायव्हरच्या चार्जरवर मोबाईल लावायला हरकत नाही. आपली बॅटरी मात्र सरळ ट्रॅक्टरला जोडू नका.

ट्रॉलीत भरताना पॅनल उभा ठेवा, दोन गोधड्यांच्या मध्ये. आडवा ठेवून वर पोती-भांडी रचली तर काच फुटते. बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कारण विळा-कोयता दोन्ही टोकांना एकदम लागला की मोठी ठिणगी पडते. पाण्याची बॅटरी उभीच ठेवायची.

राहिला चोरीचा प्रश्न. पॅनल भरतो दुपारी आणि तेव्हा सगळेच फडात. दोन टोळ्यांनी यावर तोडगा काढला, तो मला पटला. शेजारच्या पाच-सहा कोप्यांचे पॅनल एकाच मोकळ्या जागी लावायचे, एका साखळीत कुलूप घालायचं, आणि मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किंवा बाळंतिणीला ते नजरेत ठेवायला सांगायचं. प्रत्येक पॅनलच्या मागं ऑइलपेंटनं आपलं नाव आणि गाव लिहायचं.

पैशाचं काय?

मागच्या वर्षी आमच्या तालुक्यात लिथियमसह पूर्ण संचाला साधारण आठ ते नऊ हजार सांगत होते. भाव बदलतात, म्हणून तीन दुकानांतून लेखी भाव आणा. पाच जणींनी एकत्र घेतलं तर कमी होतं.

यातून पैसे किती वाचतात? खरं सांगते, एका हंगामात संच वसूल होत नाही. गावात मोबाईल चार्जिंगला दर वेळी दहा रुपये द्यावे लागत असतील तर दोन मोबाईलचे हंगामात हजार-दीड हजार वाचतील. चिमणीचं तेल, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल धरले तर आणखी थोडे. पुढच्या काही हंगामांत मात्र हळूहळू फिटतो. घरी आल्यावर लाइट गेल्यावरही तोच संच कामाला येतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हा संच मुकादमाच्या उचलीतून घेऊ नका. उचल आधीच फिटत नाही, त्यात आणखी आठ हजार चढले की पुढच्या वर्षी त्याच कोयत्याला बांधून घेतलं जातं. शिवाय उचल बहुतेक घरांत मालकांच्या नावावर असते, हिशेब तुम्हाला कोणी दाखवत नाही. गटाचं कर्ज तुमच्या नावावर आहे, त्याचं व्याज किती, हप्ता किती, हे तुमच्या वहीत आहे. पावतीही तुमच्याच नावानं घ्या. वॉरंटी कार्ड त्या पावतीलाच टाचून ठेवा. हप्त्याचं आधी बोलून घ्या : हंगामात दरमहा कमी आणि परत आल्यावर जास्त, असा ठराव बैठकीत करता येतो.

मागच्या वर्षीच्या त्या ताईंच्या गटानं याच पद्धतीनं निर्णय घेतला. पॅनल चांगला होता, तो ठेवला. बॅटरी आणि कंट्रोलरसाठी छोटं दुसरं कर्ज दिलं आणि जुन्या कर्जाचे हप्ते वाढवून दिले. या पावसाळ्यात त्या रोज संध्याकाळी घरी तोच संच वापरून बघताहेत. वहीत लिहून ठेवतात : किती तास लावला, ढग होते की ऊन. परवा भेटल्या तेव्हा वही दाखवून म्हणाल्या, "ह्या वक्ताला मी तुम्हाला शिकवते."

परत आल्यावर

पावसाळ्यात बॅटरी रिकामी करून कोपऱ्यात टाकू नका. पाण्याची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतून खराब होते. भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. किंवा त्या ताईंसारखी रोज थोडी वापरा.

पुढच्या बैठकीतला सराव

१. प्रत्येकीनं आपल्या कोपीचा रात्रीचा खर्च वहीत लिहावा. किती बल्ब, किती तास, किती मोबाईल?
२. एकूण वॅट-तास काढा. १०० च्या आत आहे का? नसेल तर काय कमी करता येईल?
३. तुमच्या टोळीत मागं कोण राहतं? पॅनल कोण बघेल?
४. एकत्र खरेदी करायची असेल तर कोणत्या दोघी तालुक्याला जाऊन भाव आणतील?
५. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा हिशेब शेजारणीनं लिहून द्यावा. कोणी सुटू नये.

निघण्याआधी किमान चार रात्री संच घरीच लावून बघा. काही बिघाड असेल तर दुकान इथं जवळ आहे, तिथून ते शंभर-दोनशे किलोमीटर लांब पडेल. जोडताना अडलं तर मला बोलवा. या वेळी मी माझा पाना-पेचकस घेऊन येईन, आणि बॅटरी बघितल्याशिवाय "घ्या" म्हणणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक